बिनपगारी, फुल अधिकारी

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या दिली आहे. 'मोबदला घेऊन किंवा न घेता' दिव्यांगाची काळजी घेणारा कोणीही, घरचे धरून. यातलं 'न घेता' राज्यकर्त्यांना फार आवडलं. तेवढंच त्यांनी मनापासून अंमलात आणलंय.

पक्षाघाताने नवरा आडवा झालेलं कुठलंही घर घ्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाशी जखम होते. लघवीची पिशवी भरायच्या आत रिकामी करायची. पेज पाजताना मागे उशा लावून बसतं करायचं, नाहीतर घोट श्वासनलिकेत जातो. याच कामाला नर्सिंग ब्युरोची बाई बोलावली तर ती आधी पेशंटचं वजन विचारते, मग दिवसपाळी की रात्रपाळी, मग रेट सांगते. शहरात महिन्याला वीसेक हजारांच्या खाली बोलणंच नाही. आठवड्याची सुट्टी वेगळी. बरोबरच आहे, काम कंबर मोडणारं आहे. बायकोला सुट्टी मिळते ती नवरा आयसीयूत गेला तर, आणि तीही बाहेरच्या बाकड्यावर. तिने नोकरी सोडली की शेजारी म्हणणार, "वहिनी, मोठं पुण्य कमावताय हो." उलट एखाद्या नवऱ्याने बायकोचं डायपर एकदा बदललं, तर सोसायटीच्या गणपतीत शाल-श्रीफळ ठरलेलं.

हाच नवरा ट्रकखाली सापडून असा झाला असता तर मामला वेगळा. मोटार अपघाताच्या दाव्यात 'अटेंडंट'चा खर्च मागता येतो. दिल्ली हायकोर्टाने 1981 सालीच सांगून ठेवलंय, की घरच्यांनी फुकट सेवा केली म्हणून अपघात करणाऱ्याचं देणं कमी होत नाही. 2020मध्ये सुप्रीम कोर्टाने अपघातात कायमची अपंग झालेल्या एका मुलीसाठी दोन अटेंडंट धरले, प्रत्येकी दरमहा 5,000 रुपयांनी, आणि वर्षाच्या खर्चाला 18च्या गुणकाने गुणलं. साडेएकवीस लाखांच्या वर हिशेब गेला. म्हणजे पैसे विमा कंपनीने भरायचे असले की बायकोच्या हातांना भाव येतो. मेंदूत गुठळी झाली की तेच हात पतिव्रतेचे. गुठळीचा थर्ड पार्टी विमा नसतो ना!

साहेबाच्या देशात सगळं आलबेल आहे, असंही नाही. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान 35 तास सेवा करणाऱ्याला 2025-26मध्ये 83.30 पौंड मिळत होते. मात्र तेव्हा हाती येणारी कमाई आठवड्याला 196 पौंडांच्या वर एका पौंडाने जरी गेली, तरी सगळा भत्ता बंद व्हायचा. तिकडचे बाबू आणि आपले बाबू एकाच गुरूचे चेले दिसतात. पण भत्ता आहे, म्हणून तर त्यावर भांडता येतं. आपल्याकडे केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत दरमहा 600 रुपये ठेवलेत. रोजचे वीस! त्यात एक डायपर यायची मारामार. तरी निदान ते काळजी घेणाऱ्याच्या नावाने आहेत.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आहे. 2025मध्ये दिव्यांगांचं अनुदान वाढून दरमहा 2,500 झालं, पण ते नवऱ्याचं, बायकोचं नाही. शिवाय घरचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत हवं. ब्युरोवाल्या बाईची ही तीन महिन्यांचीसुद्धा कमाई नव्हे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता चक्क छापलेला आहे. फक्त त्याच कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पाचर मारून ठेवलीय. खरंच आहे, तिजोरीने तरी कुठे कुठे पुरायचं? माजी आमदाराच्या पेन्शनलाच 50,000 लागतात. तेही किमान. आणि ते वर्षाचे नव्हेत, महिन्याचे.