ताक फुंकणारं मांजर

लास वेगासला दर जानेवारीत एक जत्रा भरते. देव नाही, पालखी नाही, पण नवस बोलणारे उदंड. तिचं नाव सीईएस. पूर्वी म्हणायचे कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये ती पहिल्यांदा भरली तेव्हा ११७ कंपन्या होत्या आणि साडेसतरा हजार माणसं. २०२५च्या जानेवारीत माणसांचा आकडा १ लाख ४१ हजारांच्या वर गेला. त्या गर्दीत गळ्यात पत्रकाराचा बिल्ला अडकवून अस्मादिकही होते.

प्रवेशच मुळी भुयारातून. एका दालनातून दुसऱ्यात जायला इलॉन मस्क यांच्या कंपनीने जमिनीखाली बोगदे खणलेत. उद्याची वाहतूक बघू म्हणून उतरलो. टेस्ला आली, आत चालक होता, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि पुढची गाडी हलेपर्यंत खोळंबलो. ठाणे स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा जमिनीखालून सोडली तर अशीच जाईल. सुट्ट्या पैशांवरून वाद मात्र झाला नाही, कारण दालनांमधला हा प्रवास फुकट आहे.

आत शिरल्यावर पहिल्यांदा ठळक दिसलं ते मांजर. जपानच्या युकाई इंजिनिअरिंगचं, मुठीत मावेल एवढं. पुढचे दोन पाय कपाच्या काठावर टेकून ते चहावर फुंकर घालतं. सारखी एकाच जोराने नाही बरं का. कधी हळू, कधी दमदार, मध्येच श्वास घेतल्यासारखं थांबून. ही फुंकर माणसासारखी वाटावी म्हणून खास प्रोग्राम लिहिला आहे. लोक मोबाईल उंचावून ते टिपत होते. माझ्या आजोबांनी आयुष्यभर चहा बशीत ओतून प्यायला, त्यांना एकदाही चार्जर लागला नाही. पण बशीला गुंतवणूकदार मिळत नाहीत, हेही खरं.

दुसरं नवल म्हणजे मिठाचा चमचा. बियरवाल्या किरिन कंपनीने मेइजी विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर तो केला. चमच्यातून सौम्य वीज पदार्थात जाते, मिठातलं सोडियम जिभेपाशी गोळा होतं आणि कमी मिठाचं सूप अधिक खारट लागतं. २०२४ साली जपानमध्ये विक्रीला आला तेव्हा किंमत होती १९,८०० येन, म्हणजे सुमारे अकरा हजार रुपये. आमच्या पंगतीत पानाच्या डाव्या अंगाला चिमूटभर मीठ वाढतात, तेही आग्रह न करता. तरी खरं सांगतो, अख्ख्या जत्रेत शहाणी वस्तू वाटली ती हीच. रक्तदाबाच्या माणसाला उपयोगी, आणि तिने माझा पासवर्ड मागितला नाही.

बाकी सगळ्यांनी मागितला. आरसा असो, दिवा असो, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा असो, आधी ॲप, मग ईमेल, मग मासिक वर्गणी. रोबोरॉकच्या झाडूयंत्राला हात फुटला होता. तो हात मोजा उचलतो. वजनाची मर्यादा ३०० ग्रॅम, म्हणजे मोजा यंत्राने उचलायचा आणि चामड्याचा बूट आपण. शिवाय मोजा कॉटखाली फेकणारा चिरंजीव आहे तसाच राहतो. त्याच्यावर अजून कुणी संशोधन केलेलं दिसलं नाही. सॅमसंगने २०२४ सालीच असा फ्रीज दाखवला होता, जो आतले ३३ ताजे पदार्थ कॅमेऱ्याने ओळखतो. आमच्या घरी त्याची परीक्षा घ्यायला हवी. श्रीखंडाच्या डब्यात कढीपत्ता, आइस्क्रीमच्या डब्यात सोललेला लसूण आणि बोर्नव्हिटाच्या बरणीत गेल्या वर्षीचं लोणचं.

या जत्रेला नावं ठेवताना जपून ठेवावीत, हे मान्य. घरगुती व्हीसीआर १९७० साली इथे दिसला, १९८१ साली सीडी प्लेअर. पण मागच्या दाराने किती गेले त्याची यादी कोणी लावत नाही. २०१० साली घरोघरी थ्रीडी टीव्ही येणार होता. आता त्याचे चष्मे पोरांच्या फॅन्सी ड्रेसलाही कोणी काढत नाही. कपड्यांच्या घड्या घालणारं लाँड्रॉइड नावाचं जपानी कपाट इथे गाजलं होतं, एका टी-शर्टाला काही मिनिटं घ्यायचं, आणि २०१९ साली त्याच्या कंपनीचीच घडी विस्कटली. दिवाळखोरी. सॅमसंगचा बॅली हा घरभर लोळणारा रोबो २०२० साली दाखवला, २०२४ला दाखवला, २०२५ला पुन्हा दाखवला. दाखवण्याचे कार्यक्रम एवढे झालेले उपवर मुलगेही थोडेच असतील.

२०१८ साली मुख्य दालनातली वीज सुमारे दोन तास गेली होती, हे तिथेच कळलं. आदल्या दिवशीचा पाऊस आणि ट्रान्सफॉर्मरमधली ओल हे कारण. भारनियमनात वाढलेल्या माणसाला परदेशात कुणीतरी आपलं भेटल्यासारखं झालं.

स्टॉलवर मी तीन प्रश्न विचारत फिरलो. किंमत किती? बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार? नेट गेलं तर चालेल का? पहिल्यावर हसू, दुसऱ्यावर व्हिजिटिंग कार्ड, तिसऱ्यावर साहेबांना बोलावणं. सामान्य ग्राहक तिथे असता तर त्यानेही हेच विचारलं असतं. पण त्याला आत सोडतच नाहीत. प्रवेश फक्त व्यापारातल्या माणसांना.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे आपल्याला मांजराने शिकवायला नको. तेव्हा वाचकहो, दसऱ्या-दिवाळीच्या सेलमध्ये विक्रेता ‘यात एआय आहे’ म्हणाला की हे तीन प्रश्न त्याला विचारा, उत्तरं बिलावर लिहून मागा आणि मगच पाकीट बाहेर काढा.