जिभेची साक्ष

आमच्या घरात स्वयंपाकाचा निकाल जीभ देते. ‘मीठ कमी’, ‘गोडी बेताची’, ‘आईच्या हातची चव नाही’ असे ताशेरे रोज ऐकावे लागतात आणि त्यावर अपील नसतं. पण ही जीभ दोन पानांत फितूर होते, हे कोकणातल्या आमच्या काकूने सप्रमाण दाखवलं.

तिच्या परसात गुडमारचा वेल आहे, म्हणजे बेडकीचा पाला. दोन पानं हातावर ठेवून ती म्हणाली, “नीट चाव रे, आणि तोंडभर फिरव.” पानं कडवट. त्यावर तिने चमचाभर साखर तोंडात घातली. निव्वळ वाळू! दाताखाली करकर वाजली, पण गोडीचा पत्ता नाही. श्रीखंडात नुसता आंबट चक्का उरला, वर वेलदोड्याचा वास. लोणचं मात्र पहिल्यासारखंच झणझणीत.

पानातलं जिम्नेमिक आम्ल जिभेवरच्या गोडाच्या जागा अडवून बसतं. साखरेला बसायला जागाच उरत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने सगळं पूर्ववत. 1887 साली डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने हे आम्ल पानांतून वेगळं काढलं. काकूला त्याच्याशी कर्तव्य नाही. सणाच्या पंगतीआधी ती काकांना पान चावायला लावते. “श्रीखंड आग्रहाने वाढल्याचं पुण्य मला, नको म्हटल्याचं ह्यांना.”

पश्चिम आफ्रिकेत याच्या उलट वागणारं एक लालचुटूक फळ आहे, मिरॅकल फ्रूट. त्यातलं मिरॅक्युलिन हे प्रथिन जिभेला चिकटलं, की लिंबूही गोड लागतं. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. शाळेबाहेरचा आवळा मीठ लावून खायचा आणि नळाला तोंड लावायचं. नगरपालिकेचं पाणी गोड लागण्याचा दुसरा मार्ग अद्याप सापडलेला नाही.

रोजचा गुन्हेगार मात्र न्हाणीघरात असतो. टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट गोडी दाबतं आणि कडवटपणा वाढवतं. गृहस्थ चूळ भरून थेट चहावर येतात आणि पहिल्याच घोटाला ‘आज चहा बिघडलाय’ म्हणून मोकळे होतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

तेव्हा चहा करणाऱ्या समस्त मंडळींना विनंती: कुणी नावं ठेवली, तर लगेच साखरेचा डबा उघडू नका. आधी विचारा, “दात कधी घासलेत?”