आमचं कुठलं, येतं आपलं!

पाटणच्या कुठल्याही आळीत शिरा. एखाद्या पडवीत चौपदरी घोंगडीवर एक म्हातारं मांजर झोपलेलं दिसेल, आणि शेजारी उघड्या फरशीवर सत्तरीचा एक गडी मांडी घालून बसलेला. त्याला विचारा, "नाना, मांजर तुमचं का?" उत्तर ठरलेलं आहे. "आमचं कुठलं? येतं आपलं."

हे 'येतं आपलं' गेली सतरा वर्षं चाललंय. मांजर येतं म्हणावं, तर ते कधी गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. फार वर्षांपूर्वी नाना त्याला पोत्यात घालून दोनदा केरा नदीपलीकडं सोडून आले होते. दोन्ही वेळा पुलावर दोस्तमंडळी भेटली, तंबाखूची देवाणघेवाण झाली, आणि नाना घरी पोचले तेव्हा मांजर चुलीच्या वैलापाशी बसून पाय चाटत होतं. तेव्हापासून नानांनी नाद सोडला. नाव मात्र ठेवलं नाही. नाव ठेवलं की आपलं होतं, आणि आपलं झालं की खर्च येतो, हा हिशेब.

नाना कोण, हे पाटण खोऱ्यात सांगावं लागत नाही. इथल्या घरटी एकानं कधी ना कधी मुंबई धरली. माथाडींना एकत्र आणणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्या लढ्यातून 1969 साली माथाडी कायदा आला, आणि पाठीवर शंभर किलोचं पोतं घेणाऱ्या माणसाला फंड आणि ग्रॅच्युइटी हे शब्द ऐकायला मिळाले. नाना आधी दाणाबंदरात होते, बाजार हलला तसे नव्या मुंबईत गेले. निवृत्त झाल्यावर गावी आले, गळ्यात माळ घातली, मटण-मासे सोडले, आणि आता हरिपाठ व भात एवढ्यावर दिवस काढायचे असं ठरवलं. मांजराला विचारलं नव्हतं.

मांजराचं दुखणं सर्वात आधी नानांनाच कळलं. घोंगडी झटकायची म्हणून त्यांनी मांजर उचललं आणि तसेच उभे राहिले. "अगं, ह्यात काय न्हाईच की!" ज्या पाठीला पोतं चढताच कळायचं की व्यापाऱ्यानं दोन किलो मारलेत, त्या पाठीच्या माणसाला हे कळणारच. म्हाताऱ्या मांजराचं वजन केसांआड लपतं. बघणाऱ्याला ते आहे तसंच दिसतं, पण हात फिरवला की पाठीचा कणा बोटांना लागतो. नानांनी ते उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं आणि साखर मोजायच्या काट्यावर ठेवलं. दोन किलो सहाशे. दुकानदार म्हणाला, "नाना, गिऱ्हाइकं बघत्यात." नाना म्हणाले, "बघू दे. मापात तर हाय."

शिवाय ते पाणी फार प्यायला लागलं होतं. हंड्याखालची ताटली, तुळशीचं पाणी, पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली बादली, सगळीकडं त्याचं तोंड. नानी म्हणाल्या, "म्हातारीला साखर झाली."

पाटणचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हा गाई-म्हशींचा दवाखाना. अंगणात खोडा आहे, त्यात एखादी म्हैस अडकवलेली असते, आणि रांगेतला प्रत्येक जण वासरू, शेळी नाहीतर बैलाबद्दल बोलत असतो. त्या रांगेत नाना बाजाराची नायलॉनची पिशवी छातीशी धरून उभे. पिशवीतून दोन कान बाहेर. मागच्यानं विचारलं, "कोंबडी का?" नाना म्हणाले, "व्हय." पिशवी म्याव म्हणाली. केसपेपर लिहिताना प्रश्न आला, मालकाचं नाव? "मालक असा कोन न्हाई. येतं आपलं." मग पत्ता? तो मात्र नानांनी घरनंबरासकट दिला.

डॉक्टर भले होते. त्यांनी मांजर टेबलावर घेतलं, डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, दात पाहिले, पोट चाचपलं, आणि रक्त तपासायला कराडला पाठवलं.

कराडच्या प्रवासात एसटीत जो वाद झाला तो अजून स्टँडवर सांगतात. नाना एकाहत्तरचे, म्हणून ज्येष्ठांचं अर्धं तिकीट. नानींना बायकांचं अर्धं, मार्च 2023 पासूनचं. कंडक्टरनं पिशवीकडं बोट दाखवून गमतीनं विचारलं, "आनि ह्येचं?" नानांनी डॉक्टरांकडून हिशेब शिकून घेतला होता. मांजराची पहिली दोन वर्षं म्हणजे माणसाची चोवीस, पुढं दर वर्षाला चार. सतरा वर्षांचं मांजर चौऱ्याऐंशीचं. पंचाहत्तरीपुढं ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट. "तवा मास्तर," नाना म्हणाले, "ह्या गाडीत फुकट बसायचा हक आमच्या तिघांत येकटीचा." कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. मल्हारपेठ येईपर्यंत गाडी हसत होती.

रक्ताचा निकाल आला. साखर नव्हती, मूत्रपिंडं थकली होती. म्हाताऱ्या मांजरांचं हे फार नेहमीचं दुखणं. मांजराचे पूर्वज आफ्रिकेतल्या नि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले. थोड्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करायची, ही त्यांच्या मूत्रपिंडाची जुनी कसरत. मूत्रपिंडांचं दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. मग घट्ट करणं जमेना झालं की लघवी वाढते, म्हणून तहान वाढते, वजन उतरतं. गेलेला भाग परत येत नाही. उरलेला जपायचा. मूळ वाळवंटातलं जनावर, आणि नशिबी आलं पाटण, जिथून जवळच्या कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तिथं त्याला पाण्याची बाटली लावायची वेळ आली!

ही बाटली म्हणजे रिंगर लॅक्टेट. शिरेत नाही, कातडीखाली द्यायची. डॉक्टरांनी एकदा दाखवलं. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची, खाली जी पोकळी होते तिच्यात सुई सरकवायची. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊन करायची, गार पाणी गेलं की मांजर शहारतं. नानांच्या पडवीत खुंटीवर पोती ओढायचा लोखंडी हूक टांगलेला आहे, दाणाबंदरातला, मूठ घासून गुळगुळीत झालेला. बाटली त्याच हुकाला लटकते. खाली नाना, चष्मा नाकावर, जीभ दातात. सुई हातात आली की त्यांचे हात थरथरतात. शंभर किलोला कधी थरथरले नव्हते. पाणी आत जाऊ लागलं की मांजराच्या खांद्यावर उंटासारखं वशिंड येतं, ते घेऊन मांजर अंगणात हिंडतं आणि संध्याकाळपर्यंत वशिंड जिरतं. शेजारची पोरं त्याला हात लावून बघायला रांग लावतात. नाना एकेकाला हाकलतात आणि एकेकाला सवडीनं समजावूनही सांगतात.

नानींची तक्रार रास्त आहे. "माझं गुडघं दुखत्यात म्हनून चार वर्सं सांगतीया. तवा ह्यांना येळ न्हाई. म्हातारीला मात्र कराड!" नाना त्यावर गप्प बसतात. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही.

खरा पेच जेवणाचा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्याचं खाणं मुलानं घणसोलीहून ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पाठवलं. भाव ऐकून नानांना वाटलं, गोणीचा असेल. निघाला पिशवीचा. मांजरानं ते हुंगलं, आणि ताटलीभोवतीची फरशी पंज्यानं खरवडून ते जणू मातीत पुरून टाकलं. मग दूधभात द्यावा, तर दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते. नुसत्या वरणभातावर तर मांजर जगतच नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं, नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय फुगतं. वाघ माळकरी होत नाही, तसं मांजरही होत नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, तोंड धरून उपाशी राहण्यापेक्षा जे खाईल ते द्या, ताजा मासा बिनमिठाचा उकडून, थोडा थोडा. खारे बोंबील नि सुकट मात्र नको, मीठ फार.

आता गळ्यात माळ आणि हातात मासा, हे जमवायचं कसं? नानांनी यंत्रणा उभी केली. आठवडी बाजारात शेजारचं पोरगं मासा घेतं, नाना चार दुकानं सोडून कोथिंबिरीच्या भावाची घासाघीस करत मान वळवून उभे असतात, पण मासा शिळा घेतला तर तिथूनच ओरडतात, "कल्ला बघ, कल्ला लाल पायजे!" परसात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं भगुलं, नानींचा त्याला विटाळ. काटे काढायचं काम नानांचं, कारण पोराच्या हातून काटा राहतो. त्यासाठी करोनातला मास्क जपून ठेवलाय. वासानंही अर्धं जेवण होतं म्हणतात, म्हणून. एकादशीला काय करता, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "उपास माझा हाय, तिचा न्हाई." मग आजूबाजूला बघून, "मंजे, येनाऱ्या मांजराचा."

मांजराचा नैसर्गिक विधी पूर्वी परसात व्हायचा. आता पावसात म्हातारीला बाहेर जाववत नाही, म्हणून पडवीच्या कोपऱ्यात वाळूचं घमेलं आलं. लोकांना स्लॅबला वाळू मिळेना आणि नानांच्या मांजराला कोयनेची वाळू, यावरून आळीत कुजबुज झाली. तेव्हा नानांनी सॉमिलमधून भुसा आणायला सुरुवात केली. मांजर तीन दिवस रुसलं, मग बसलं.

सल्लागारांचं काय सांगावं! पाटणला माणसाला ताप आला तर दोन जण सल्ला देतात, मांजराला आला तर वीस. कुणी म्हणतं लसूण चारा, रक्त सुधारतं. कांदा-लसणानं मांजराचं रक्त उलट बिघडतं. एकानं क्रोसिनची अर्धी गोळी पुढं केली. इथं विनोद बाजूला ठेवून सांगतो, पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ती पचवायची सोय त्याच्या यकृतात नाही. नानांनी ती गोळी देणाऱ्याच्या हातात परत ठेवली आणि म्हणाले, "तूच खा, शहाना हुशील." आणखी एक शहाणा म्हणाला, कोयनेच्या जंगलात नेऊन सोडा, सुटेल बिचारं. याच तालुक्यातलं कोयनेचं जंगल चांदोलीला जोडून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघाची सोय सरकारनं बघितली, वाघाच्या मावशीची सोय नानांच्या पडवीवर आली, एवढाच अर्थ मी तरी काढला.

हल्ली कानही गेलेत म्हातारीचे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप नानांनी पोरवयात पाहिलेला. तेव्हापासून या खोऱ्यात लहानसहान हादरे येतच असतात, आणि जनावराला आधी कळतं अशी लोकांची समजूत. मागं भांडी वाजली, आळी अंगणात आली, नानांनी झोपलेलं मांजर घोंगडीसकट बाहेर आणलं, तरी त्यानं डोळा उघडला नाही. उलट रात्री तीनला, काही कारण नसताना, ते भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं ओरडत बसतं. म्हातारपणी मेंदू थकला किंवा रक्तदाब वाढला की मांजरं असं करतात. नानी कूस बदलून म्हणतात, "काकडा सुरू झाला." नाना उठतात, दिवा लावतात, त्याच्या मानेवर हात ठेवून बसतात. हात कळतो, आवाज कळत नाही.

मोबाइलवर नातवानं त्यांना अमेरिकेतल्या एका मांजराची गोष्ट वाचून दाखवली. टेक्सासातल्या ऑस्टिन शहरातलं क्रीम पफ, ऑगस्ट 1967 ला जन्मलेलं, ऑगस्ट 2005 ला गेलं, अडतीस वर्षं जगलं, गिनीज बुकात नोंद आहे. नानांनी बाकी सगळं सोडून एकच धरलं. "मंजे भूकंपाच्या सालचं!" आणि बोटांवर वजाबाकी केली. "आजून येकवीस वर्सं." तोवर स्वतः ब्याण्णवचे होऊ, हे त्या वजाबाकीत आलं नाही.

दर सोमवारी किराणा दुकानातला काटा आहेच. गेल्या सोमवारी दोन किलो सहाशे पन्नास भरलं. नानांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला आणि कारण सांगितलं, भाताला दर चांगला आलाय म्हणून. भात अजून खाचरात उभा होता.

यंदा मात्र एक झालं. माळ घातल्यापासून नानांची आषाढीची पायी वारी चुकली नव्हती, ती चुकली. दिवसाआड सुई लावणार कोण? नानी लावायला तयार होत्या, नानांना भरवसा नव्हता. दिंडीच्या विणेकऱ्यांना निरोप गेला की गुडघे धरलेत. गुडघे नानींचे, पण तेवढा तपशील निरोपात नव्हता. हे वाचणारं कुणी त्या दिंडीतलं असेल तर एक विनंती आहे. पाटणला गेलात की नानांच्या गुडघ्याची तेवढी चौकशी करा. मांजराचा विषय काढू नका.