साखळी, भूकंप आणि तुमचे जावई

हेवर्ड, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना


परवा फोनवर आई म्हणाली, "दोन पोरांची आई झालीस, चांगली नोकरी आहे, आता कसली गं परीक्षा?" मागून तुमचा आवाज आला, "आपली डिग्री चालत नसेल तिकडे." डिग्री चालते, बाबा. सही चालत नाही. नकाशावर शिक्का मारायचा तर इंजिनिअर म्हणून राज्याचा परवाना लागतो. तो मिळेपर्यंत मी कितीही गटारं आखली तरी खाली सही साहेबाची. साहेब माझ्याहून वयानं लहान आहे, हे आईला सांगू नका.

आधी एक प्राथमिक परीक्षा, मग आठ तासांची मोठी. बहुतेक राज्यांत एवढ्यावर घोडं गंगेत न्हातं. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना आणखी दोन पेपर असतात, एक भूकंपाचा आणि एक मोजणीचा. प्रत्येकी ५५ प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला पावणेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. माझं काम पावसाच्या पाण्याच्या नळ्यांचं. जमिनीखाली निजलेल्या नळीला भूकंपाशी काय देणंघेणं, असं मी तुमच्या जावयांपाशी कुरकुरले. ते म्हणाले, "परीक्षा घेणाऱ्या बोर्डाला लिही." पण १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमिनीखालचे नळच फुटले, बंबांना पाणी मिळेना आणि शहर तीन दिवस जळत राहिलं. तेव्हा बोर्डाला लिहिणं राहू दे म्हटलं.

हा परवाना आला कुठून, तेही तुम्हाला आवडेल. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सेंट फ्रान्सिस नावाचं धरण होतं. १२ मार्च १९२८ ला ते पाझरतंय अशी वर्दी आली. शहराच्या पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड स्वतः जाऊन पाहून आले आणि काळजीचं कारण नाही म्हणाले. त्याच मध्यरात्रीच्या सुमाराला धरण फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली. मुलहॉलंड मोठा मान असलेले गृहस्थ, पण बरंचसं स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. पुढच्याच वर्षी सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा आला. १९३३ च्या मार्चमध्ये लाँग बीचला भूकंप झाला, तेव्हा विटांच्या शाळा पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. संध्याकाळची वेळ, मुलं घरी गेलेली, म्हणून वाचली. महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी वेगळा कायदा! सरकारी काम महिन्याभरात झालं, हे वाचून मी तारखा पुन्हा तपासल्या.

आमच्या गावाखालूनच हेवर्ड फॉल्ट नावाचा जमिनीतला तडा जातो. १८६८ साली त्यानं मोठा हिसका दिला होता. एरवी तो वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर मुकाट सरकत असतो. इथे रोज आणि प्रॉस्पेक्ट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथचा काठ त्यामुळे हळूहळू तिरपा होत चालला होता. भूगर्भवाले वर्षानुवर्षं येऊन त्याचे फोटो काढायचे. २०१६ साली नगरपालिकेच्या माणसांनी तो वाकडा काठ उखडला आणि व्हीलचेअरसाठी छान नवीन उतार केला. अभ्यासकांनी कपाळाला हात लावला. काम मात्र सुबक झालंय. आणि तुम्ही मला "भूकंपाच्या गावाला गेलीस" म्हणायचं नाही हं. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेच्या भूकंपात गोधडीसकट अंगणात धावत आलेलं पाटण तालुक्यातलं माणूस कोण होतं, ते आजीनं सांगितलंय मला.

आता मोजणी. बाबा, तुम्ही जन्मभर भूकरमापक होतात, आणि मी "उन्हातान्हात बांधावर कोण उभं राहणार" म्हणून नळ्यांकडे गेले. आता कॅलिफोर्निया सरकारनं वसूल केलं. पुस्तकात पहिल्याच धड्यात साखळी! इथली गंटरची साखळी ६६ फुटांची, तिच्या १०० कड्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. तुमची होती ३३ फुटांची, सोळा आण्यांची, एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. एकराचे चौरस फूट किती, हे क्लासमधली पोरं घोकत बसली होती. मी तेहेतीस गुणिले तेहेतीस, एक हजार एकोणनव्वद, त्याला चाळीसनं गुणलं आणि ४३,५६० सांगून टाकलं. सरांनी विचारलं, ही कुठली रीत? म्हटलं, पाटण तालुक्याची.

फूटही इथे कालपरवापर्यंत दोन होते. एक जगाचा आणि एक फक्त मोजणीवाल्यांचा. फरक दहा लाख फुटांमागे दोन फुटांचा. मोजणीवाल्यांचा फूट २०२२ च्या अखेरीस सरकारनं निवृत्त केला, पण जुने नकाशे त्यातच आहेत, त्यामुळे त्याची चौकशी करावीच लागते. तुमच्या आण्यांसारखं हे घोळ घालणारं प्रकरण नीट समजलेला आमच्या क्लासात मला तरी कोणी दिसला नाही.

सरावासाठी ऑफिसातली उंचसखलपणा मोजायची जुनी लेव्हल शनिवार-रविवारपुरती मागून आणली. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये तिपाई उभी केली, थोरला वहीत आकडे लिहायला आणि स्टाफ, म्हणजे आकडे कोरलेली उभी पट्टी, धरायला तुमचे जावई. एका हातात स्टाफ, दुसऱ्या हातात फोन. आता स्टाफ पुढे कलो की मागे, वाचन वाढतंच, कमी कधी होत नाही. म्हणून तो सावकाश पुढेमागे डोलवायचा आणि सगळ्यांत लहान आकडा घ्यायचा. हे मी त्यांना समजावलं, तर त्यांनी स्टाफ असा डोलवला की पालखीपुढची अब्दागिरी वाटावी. फेरी पूर्ण करून, निघालो होतो त्याच खुणेवर परत आलो, तेव्हा पार्किंग बोटभर वर आलं होतं. थोरल्यानं गंभीरपणे विचारलं, "आई, फॉल्ट?" म्हटलं, "होय, पण जमिनीचा नाही."

तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या मेक्सिकन आजी कुंपणाशी आल्या. दुर्बीण दिसली की शेजारी येणारच, हे तुमचंच वाक्य. त्यांनी आधी विचारलं, कुंपण सरकवणार का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. आत जाऊन घराचे जुने कागद घेऊन आल्या आणि सांगू लागल्या, मागच्या बाजूच्या माणसानं आमची हातभर जागा दाबलीय, आलीच आहेस तर बघून दे. नवरा होता तोवर तो माणूस गप्प होता, म्हणे. बाबा, मला पाटणच्या कचेरीचा व्हरांडा आठवला. भाषा तेवढी स्पॅनिश.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पास झाले तरी मला हद्द कायम करता येणार नाही! १९८२ च्या आधी ज्यांना सिव्हिलचा परवाना मिळाला, त्यांना इथे जमीनमोजणी करता येते. त्यानंतरच्यांना हद्दीसाठी लँड सर्व्हेयरचा वेगळा परवाना. म्हणजे शिकायचं सगळं, कुंपणाला मात्र हात लावायचा नाही. आजींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, मग शिकतेस कशाला? आईचाच प्रश्न.

भूकंपाचा पेपर तसा सोपा जातोय. त्यात 'आर' नावाचा एक आकडा असतो. हादरा बसला की इमारत न मोडता किती वाकू शकते, त्याचं ते माप. इथल्या लाकडी, प्लायवूडच्या भिंतींच्या घराला साडेसहा. जिथे इमारतीच्या वजनाएवढा आडवा जोर धरायचा, तिथे साडेसहानं भागून पंधरा टक्क्यांवर काम भागतं. घर तडकेल, वाकेल, पण माणसं चालत बाहेर यावीत, एवढीच अपेक्षा. खास तपशिलानं बांधलेल्या लवचीक चौकटीला आठ. आणि विनासळईच्या साध्या विटकामाला दीड, तेही इथे नव्यानं बांधायला मनाईच. धाकटीनं हा तक्ता फ्रिजवर लावून घरच्यांचे आकडे भरलेत. आजीला आठ, स्वतःला आठ, मला साडेसहा. स्वयंपाक अंगावर पडल्यापासून तुमच्या जावयांना दीड.

मामाला माझा निरोप द्या. त्याच्या पुण्यातल्या नव्या फ्लॅटखाली नुसते खांब आणि पार्किंग असेल, तर ताबा घेण्याआधी बिल्डरकडून स्ट्रक्चरलचे नकाशे मागून घे म्हणावं. २००१ साली अहमदाबादेत अशाच इमारती खालच्या मजल्यावर बसल्या. जावई त्या फ्लॅटच्या मोड्युलर किचनचे फोटो बघत बसले होते, म्हणून हे मीच लिहितेय.

तुमची लेक

ता. क. आईनं गणपतीला नवस बोलला असेल, तर दोन पेपरांचे दोन वेगळे बोलायला सांगा. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यात धरत नाहीत. भूकंपाला पाच मोदक पुरेत. मोजणीला एकवीस बोला, आणि जावयांनी स्टाफ सरळ धरावा म्हणून वर एक नारळ.