नास्तिक नट

दौऱ्यावर निघालेल्या नाटकाच्या बसमध्ये एक तरी नास्तिक असतोच. बहुधा तो चरित्र भूमिका करतो, ड्रायव्हरमागची सीट अडवतो आणि पनवेल मागे पडलं की देवावर घसरतो. "डॉक्टर म्हणालेच होते, परमेश्वराला रिटायर करा!" डॉक्टर म्हणजे श्रीराम लागू. ते मूळचे कान-नाक-घशाचे सर्जन. याचा घसा सुटला की बसमधल्यांना आपल्या कानांसाठी त्यांची फार आठवण येते.

लागूंनी आपला मुद्दा सरळ मांडला होता. याच्या मुद्द्याला खोपोलीतच घाट लागतो. मध्येच पंढरपूरचा प्रयोग येतो. तिथे यानं तुकाराम केला होता. मेकअप उतरायच्या आत एक आजी पाया पडली. हा म्हणाला, "आजी, मी देव मानत नाही." आजी म्हणाली, "तुम्ही कशाला मानाल? तुमचं तर त्याच्याशी रोजचं येणं-जाणं!" तिथून गोष्ट कॉन्ट्रॅक्टरनं बुडवलेल्या नाइटवर जाते, नाइटवरून सासऱ्यांच्या सत्यनारायणावर. सत्यनारायणाची तो टर उडवतो. प्रसादाच्या शिऱ्याबद्दल मात्र डोळे मिटून बोलतो.

इतिहासही त्याला पाठ आहे. "१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. भाव्यांच्या खेळात आधी गणपती यायचा, मग सरस्वती. देवांनी तेव्हा घेतलेली एंट्री! एक्झिटचं नाव नाही!"

शुभारंभाच्या प्रयोगाला नटराजाची पूजा होते, तेव्हा हा विंगेत हाताची घडी घालून उभा. खोबरं वाटायला लागले की घडी सुटते. "नारळ हे फळ आहे. फळाला धर्म नसतो." तिसरी घंटा झाली की तो हळूच वाकून रंगमंचाला हात लावतो. कुणी पाहिलंच, तर म्हणतो, "खिळा वर आलाय का बघत होतो." आणि तोच हात कपाळाला? "घाम."

पण २० ऑगस्टला तो वेगळा असतो. २०१३ साली त्या दिवशी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांच्याविषयी तो चारच वाक्यं बोलतो, आणि त्या वाक्यांना फाटे फुटत नाहीत.

एरवी कंपनीतले आस्तिक सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेतात. हा दिवसभर घेतो. देवाला एवढं फुटेज कुठल्याच भक्तानं दिलेलं नाही. तुम्हाला तो भेटला, तर देव आहे की नाही, हे विचारू नका. विचारायचंच असेल, तर बस कुठवर जाणार आहे, ते आधी विचारून घ्या.