तिसरी पिढी, पहिली आवृत्ती

आजोबा 'आबा', वडील 'साहेब' आणि हे 'दादा'. आबांनी माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला. साहेबांनी त्याच्या शेजारी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. आता काढण्यासारखं काही उरलं नाही हे बघून दादांनी कवितासंग्रह काढला.

मुहूर्त चोविसाव्या वर्षाचा. विधानसभेला वयाची २५ वर्षं लागतात, ही घटनेची अट. जिल्हा परिषदेला २१ चालतात, पण तिथे सध्या काकू आहेत. मधल्या वेळात साहित्य करायचं. कार्यकर्ते दाखला देतात तो आदित्य ठाकरेंचा : २००७ मध्ये इंग्रजी कवितांचं पुस्तक, २०१० मध्ये युवासेना, २०१९ मध्ये वरळीतून आमदार. दादांना हा दाखला पटतो, फक्त बारा वर्षं जरा जास्त वाटतात.

नेहरूंनी आत्मचरित्र तुरुंगात लिहिलं. तुरुंगाचा योग हल्ली आला तरी साहेबांच्या पत्रिकेत, आणि तोही वेगळ्या कारणाने. म्हणून दादा महाबळेश्वरला बसून लिहितात. शिक्षण पाचगणीच्या निवासी शाळेत झाल्यामुळे बळीराजा मुक्तछंदात येतो. ऱ्हस्व-दीर्घ कॉलेजातले मराठीचे विभागप्रमुख बघतात. ते संस्थेच्याच पगारावर आहेत.

प्रकाशन कारखान्याच्या मैदानावर. फ्लेक्सवर सगळ्यात मोठे दादा, त्याखालोखाल साहेब, वर ढगात आबा, आणि कोपऱ्यात, नीट शोधलं तर, पुस्तक. 'हार-तुरे नकोत, वह्या आणा' असं पत्रिकेत छापलेलं असतं. त्यामुळे वह्याही येतात आणि हारही. मंत्री तीन तास उशिरा येऊन चकचकीत कागद फाडतात, मधलंच एक पान उघडतात आणि पाणीप्रश्नावर बोलतात. संस्थेच्या झाडून सगळ्या शाळांच्या ग्रंथालयांची मागणी आदल्याच दिवशी नोंदलेली असते, म्हणून दुसरी आवृत्तीही लगेच जाहीर होते.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. संग्रहात एक कविता खरोखर चांगली आहे. गळीत हंगामातली रात्र, वजनकाट्यापुढे उभी बैलगाड्यांची रांग, एका गाडीत उसावरच झोपलेलं तोडणीवाल्याचं पोर. हे दादांनी लहानपणी जीपच्या काचेतून पाहिलेलं असणार, आणि ते विभागप्रमुखांना सुचणारं नव्हे. दादांना समारंभात तीच वाचायची होती. स्वीय सहायकांनी हळूच कानात सांगितलं, "दादा, काट्याचं नको. लोकांना काटामारी आठवते. त्यापेक्षा आईची घ्या." दादांनी आईची घेतली. आईसाहेब पहिल्या रांगेत होत्या. कॅमेरे तयारच होते. दुसऱ्या आवृत्तीत काट्याची कविता नाही.

जाणते कार्यकर्ते आणखी लांबचं बघतात. राज्यपाल विधान परिषदेवर जे १२ सदस्य नेमतात, ते साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतले. सहकार घरात होताच, आता साहित्यही आलं. तिशी तेवढी गाठायची. तोवर विधानसभा आहेच.

पंचवीस पूर्ण होताच अर्ज भरला जातो. शपथपत्रात व्यवसाय : शेती, समाजसेवा व लेखन. जंगम मालमत्तेत गाड्या, सोनं, ठेवी, शेअर सगळं येतं. शिल्लक प्रतींची किंमत काय लावायची, असं वकील विचारतात. साहेब म्हणतात, "निरंक लिहा."