गेलेल्या आट्यांची मीमांसा

मोटरसायकलच्या इंजिनाच्या तळाशी, जिथे रस्त्यावरचा चिखल सर्वांत आधी पोहोचतो आणि मालकाची नजर सर्वांत शेवटी, तिथे एक बोल्ट असतो. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला ड्रेन प्लग म्हणतात आणि गॅरेजमध्ये ड्रेन नट. जुने, काळे पडलेले ऑइल खाली सोडण्यापुरते उघडायचे आणि नवे ओतण्यापूर्वी बंद व्हायचे, एवढेच त्याचे काम असल्यामुळे तो शाबूत असेपर्यंत त्याच्या अस्तित्वाची दखल कोणी घेत नाही. त्याचे आटे, म्हणजे बोल्टच्या अंगावर आणि भोकाच्या आतल्या बाजूस कोरलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या सर्पिल खाचा, झिजून गेले की मात्र गाडीची मायलेजपासून पुनर्विक्रीच्या किमतीपर्यंतची सारी चर्चा त्या एका भोकाभोवती फिरू लागते.

आटे का जातात, याचे धातुशास्त्रीय उत्तर सोपे आहे. बोल्ट पोलादाचा असतो आणि ज्या भागात तो बसतो तो चेंबर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यामुळे दोघांची झुंज लागली की हार कोणाची हे आधीच ठरलेले असते. त्यातही ताणाचा मोठा वाटा बोल्टच्या डोक्याजवळच्या पहिल्या दोन-तीन आट्यांवर पडत असल्याने पडझडीला सुरुवात तिथूनच होते. मानवशास्त्रीय उत्तर अधिक रोचक आहे. ऑइलची गळती बोल्टच्या घट्टपणामुळे थांबते अशी सार्वत्रिक श्रद्धा असली, तरी प्रत्यक्षात ती थांबवतो वायसर, म्हणजे बोल्टच्या डोक्याखाली बसणारी तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची मऊ चकती, जी दाबाने किंचित चेपून फटी भरून काढते आणि म्हणूनच दर वेळी नवी घालावी अशी अपेक्षा असते. नवा वायसर किरकोळ पैशांत मिळतो, तर जोर फुकट मिळतो. आणि या दोहोंतून निवड करायची वेळ आली की बहुतेक लोक फुकटाच्या बाजूने कौल देतात.

शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांत हा बोल्ट 12 मिलिमीटर व्यासाचा असून त्याला 17 चा पाना लागतो, आणि त्याला द्यायचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण 25 न्यूटन-मीटर सांगितलेला असतो. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी सुमारे तेरा किलोंचा भार दिल्यास तेवढा पीळ पुरवला जातो. तथापि पान्याला दोन फुटी पाइप जोडून त्यावर तीस किलोंचा भार टाकणारा कारागीर सुमारे 180 न्यूटन-मीटर, म्हणजे मागणीच्या सातपट, पुरवठा करतो, आणि वर ‘आता जन्मात गळणार नाही’ असे आश्वासनही देतो.

दिशेचा घोळ निराळाच. बोल्टचे तोंड जमिनीकडे असल्यामुळे खालून पाहता जी दिशा डावीकडची, ती वरून वाकून पाहणाऱ्यास उजवीकडची दिसते. परिणामी बोल्ट सैल करण्याच्या निष्ठेने निघालेला गृहस्थ तो घाम गाळून अधिक घट्ट करत राहतो, आणि अखेरीस बोल्ट एकदम हलका फिरू लागला की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो फार अल्पजीवी असतो.

दोष निश्चित करणे जवळजवळ अशक्यच, कारण आटे एका हातून जात नाहीत. आधीच्या अनेक हातांनी ‘अजून थोडासा’ म्हणून दिलेली भर साचत जाते आणि शेवटच्या हाताच्या वाट्याला फक्त खापर येते. प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येणारे ‘आधीच गेले होते, साहेब’ हे विधान त्यामुळे बचाव असूनही बऱ्याचदा खरे असते.

उपायांमध्ये टेफ्लॉन टेप आणि एम-सील यांचा मान पहिला, पण तो केवळ लोकप्रियतेमुळे; टेपचे तुकडे आत जाऊन ऑइलच्या जाळीत अडकू शकतात आणि लेपामुळे पुढच्या वेळी बोल्ट उघडण्याचाच प्रश्न उभा राहतो. काही सावध मंडळी ड्रेन नटाला हातच न लावता वरच्या भोकातून नळी घालून मोठ्या सिरिंजने ऑइल ओढून काढतात. ही पद्धत हास्यास्पद दिसली तरी चालते, फक्त तळाचा गाळ तळाशीच राहतो. भोक मोठे करून जाड बोल्ट बसवणे हा मधला मार्ग. शास्त्रशुद्ध उपाय हेलिकॉइलचा: शंकरपाळ्याच्या आकाराचा छेद असलेली स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी नव्याने आटे पाडलेल्या भोकात बसवतात, आणि हे करताना टॅपला, म्हणजे आटे पाडणाऱ्या हत्याराला, ग्रीस चोपडतात, जेणेकरून धातूचा कीस इंजिनात न पडता त्यालाच चिकटावा. उरलासुरला कीस धुऊन जावा म्हणून थोडे ऑइल वरून ओतून खाली वाहू देतात; त्या वेळी मालकाला होणाऱ्या वेदना लिटरच्या भावात मोजाव्यात.

या दुरुस्तीनंतरचे आटे पोलादी असल्यामुळे मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत ठरतात, ही वार्ता गॅरेजमध्ये लगेच पसरते, आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी दोन फुटी पाइप अधिकच निःशंकपणे बाहेर येतो.